डब्याची गवसणी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर काकू राहतात. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की वाटतं, ही माणसं कुठेतरी लांब निघाली आहेत आणि सामानसुमान बांधून आता फक्त गाडीची वाट बघताहेत. मिक्सरला गवसणी, टीव्हीला गवसणी, रेडिओला गवसणी. छत्रीची गवसणी असते सगळ्यांकडेच, पण वजनकाट्याची मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. रिमोटला पातळ प्लॅस्टिकची खिडकी ठेवून शिवलेला अंगरखा. काका म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. बसलो की ही माझी मापं घ्यायला लागते."

यात दोष काकूंचा नाही, धंद्याचा आहे. काका वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचे, आणि दुरुस्त झालेलं वाद्य उघडंवाघडं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, असा मालकाचा शिरस्ता होता. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून काकू गवसण्याच शिवत आल्या. व्हायोलिनच्या, गिटारच्या, बासऱ्यांच्या. बाहेरून जाड कापड, आतून मऊ पिवळं फ्लॅनेल आणि काठाला लाल दोऱ्याचा टाका. काजाला घालतात तसा, जवळजवळ, गाठीगाठीचा. तो टाका म्हणजे त्यांची सही. पुढे दुकान बंद पडलं, गिऱ्हाइकं पांगली, पण हात काही थांबले नाहीत. वाद्यं संपली तेव्हा त्या हातांनी मिक्सरला धरलं.

त्यांच्यासमोर 'कव्हर' म्हटलेलं चालत नाही. 'झाकण' तर मुळीच नाही. मी एकदा म्हणाले होते, "काकू, माझ्या मिक्सरवर झाकायला काहीतरी शिवून द्या ना." तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "झाकतात ते दुधाचं पातेलं. मिक्सरला गवसणी घालतात."

"एकच की ते."

"एकच कसं? झाकलं की वस्तू दिसेनाशी होते. गवसणी घातली की ती निजते." आणि शिलाई मशीनच्या पाठीवर हात ठेवून, जरा लाजल्यासारखं हसून, "हिला घातली ना दुपारी, की मलासुद्धा डुलकी येते."

हे मात्र खरं होतं. दुपारी त्यांच्या खोलीत जावं तर सगळं घर निजलेलं असायचं. खिडकीला जाड पडदा, त्यातून गाळून आलेला मधाच्या रंगाचा उजेड, कापडाच्या तुकड्यांचा कोरडा वास, आणि आपापल्या अंगरख्यात डोळे मिटून बसलेल्या वस्तू. आपण कुणाच्या तरी स्वप्नात चपला घालून शिरलोय असं वाटून मी चपला दारातच काढायची.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला हे सगळं आवडत नसे. ती चळवळी, उघड्या खिडकीत पाय सोडून बसणारी. तिला दूर देशी, एका डोंगरमाथ्यावरच्या दुर्बिणीवर नोकरी लागली. तारे शोधायची नोकरी नव्हे. घुमटाची दारं उघडायची, मिटायची, यंत्रं पुसायची, वारा सुटला की धावपळ करायची. काकूंनी तिच्या सुटकेससाठी गवसणी शिवली. निळी, जाड, चाकांना जागा ठेवलेली. आणि निघायच्या दिवशी दारातच दोघींचं वाजलं. मी जिन्यात होते, त्यामुळे न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

"आई, हे नको. सगळे बघतील."

"बघू देत की. वाईट शिवलंय का?"

"चांगलंच शिवलंय. पण प्रत्येक गोष्ट गुंडाळायलाच हवी का गं? तुझं चाललं असतं तर मलाही गुंडाळून कपाटात ठेवलं असतंस. श्वास घ्यायला जरा जागा तरी ठेवत जा!"

त्यावर काकू म्हणाल्या, "उशीला अभ्रा धड घालता येत नाही, आणि निघाली आकाशाला गवसणी घालायला!"

सुटकेस तशीच गेली, उघडी. निळी गवसणी दारामागच्या खुंटीला लटकत राहिली. पण आदल्या दिवशीच काकूंनी लेकीच्या कपड्यांच्या घडीत पिवळ्या फ्लॅनेलचं एक फडकं सरकवून ठेवलं होतं. चारी बाजूंना लाल टाका. चष्मा पुसायला होईल म्हणून. त्याबद्दल आईनं सांगितलं नाही, लेकीनं कधी विचारलं नाही. लेकीला ते सापडलं का, सापडल्यावर तिनं ते ठेवलं की रागाच्या भरात टाकून दिलं, हे काकूंना कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर दोघी एकमेकींशी काकांमार्फत बोलायला लागल्या. फोन काकांच्या कानाला, काकू कणीक मळत पलीकडे.

"विचारा, जेवते का वेळेवर."

"आई विचारतेय, जेवतेस का वेळेवर... हो म्हणतेय."

"हो म्हणायला काय जातं! बारीक झाली असेल."

"आई म्हणतेय बारीक झाली असशील... ती विचारतेय, तुझे गुडघे कसे आहेत."

"आहेत म्हणावं जागेवर."

काका फोन ठेवून मान चोळत. "मी नवरा आहे का टेलिफोन एक्स्चेंज?" असं मला एकदा विचारलंही होतं त्यांनी.

असंच एकदा लेकीनं काकांना सांगितलं की तिच्या दुर्बिणीची एक वेबसाइट आहे आणि तिच्यावर तिथलं आभाळ थेट दिसतं. छतावर एक कॅमेरा बसवलाय, तो दिवसरात्र वर बघत असतो. लेक जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. काकांनी एका बोटानं पत्ता टाइप करून ते आभाळ लावून दाखवलं.

"मला काय करायचंय?" काकू म्हणाल्या. "आपल्या डोक्यावर आहे की एक."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं उरकली, ओटा पुसला, की त्या त्याच्यासमोर बसायला लागल्या.

मीही बसले आहे त्यांच्या शेजारी. ते आभाळ गोल होतं. कुणी वाटीत काढून द्यावं तसं. कडेला चारी बाजूंनी डोंगरांची बारीक दातेरी किनार, एका बाजूला घुमटाचं पांढरं टोक, आणि मधे सगळं निळंच निळं. आमच्याकडे दुपार, तेव्हा तिकडे संध्याकाळ. निळ्यात हळूहळू जांभळं उतरायचं, मग कुठूनतरी केशरी झिरपायचं. ढग एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत आमचं बोलणं कुठल्याकुठे गेलेलं असायचं. कधी एखादा पक्षी अख्खं आभाळ एका दमात ओलांडून जाई. काही दिवस मात्र सगळं दुधट होऊन जायचं आणि आभाळ चक्क थरथरायचं. काका म्हणत, "थंडी वाजतेय त्याला. घाल काहीतरी शिवून."

आणि एके दिवशी त्या आभाळात हात आला.

हे काकूंनी मला वर येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा पदर सुटला होता आणि एका हातात भांडी पुसायचा कपडा तसाच होता. "अगं, एकदम केवढा मोठा हात! ढगाएवढा. आणि त्यानं आभाळ पुसलं."

"पुसलं?"

"पुसलं म्हणजे पुसलं. आरसा पुसतात तसं, गोल गोल. तिचाच हात. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग ओळखत नाही का मी? हल्ली संध्याकाळची पाळी आहे ना तिची, कॅमेऱ्याची काच पुसत असणार. आणि हातात पिवळं फडकं होतं!"

"मग? लाल टाका होता?"

"तेच तर! वाकून बघायला गेले, आणि मेलं परत बंद पडलं, हल्ली पडतं तसं. पडदा काळा, पंखा गप्प. जीव गेल्यासारखं."

तर हे असं होतं. बाकी कुणासाठी तो एक जुना, सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर होता. काकूंसाठी मात्र त्या काळ्या पडद्यामागे एक फडकं होतं. ते त्यांचं असेल तर लेक रागावलेली नाही. दुसरं कसलं असेल तर काय, हे त्या बोलत नव्हत्या.

मी माझा मोबाइल काढून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बघितलं, तर आभाळ सदऱ्याच्या बटणाएवढं. त्यावरून एक पिवळा ठिपका सरकला आणि गेला. "पिवळं आहे बाई," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण पिवळी फडकी जगात काय थोडी आहेत?"

मग आम्ही कॉम्प्युटरच्या मागे लागलो.

पहिला इलाज माझा. मी बघितलं तर काकूंनी उघडलेली एकही खिडकी कधी बंद केलेली नव्हती. रोज नवीन उघडायच्या. पडद्याच्या माथ्यावर टॅबची अशी रांग की त्यांची नावंही दिसेनात. "एकाच आभाळाच्या एवढ्या खिडक्या कशाला?" म्हणत मी सगळ्या मिटल्या, एकच ठेवली. दुपारी परत बंद पडला.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला. तिशीतला, बोलण्यात घाईचा, पण स्वभावानं सरळ. त्यानं विचारलं, "नुसता चालू ठेवला तर बंद पडतो का?"

"नुसता कोण कशाला चालू ठेवेल?" काकू म्हणाल्या. "पत्ते खेळते मी कधी कधी, तेव्हा नाही पडत. नेटवर आभाळ लावलं, की पडतो."

"म्हणजे ब्राउझरचं दुखणं."

त्यानं फोनवरून सांगितलं तसं मी ब्राउझरमध्ये साठलेला सगळा कचरा काढला. कुठूनतरी येऊन चिकटलेली एक जाहिरातींची पट्टी उपटून टाकली. मग दुसरा ब्राउझर घालून बघितला. व्हायरस शोधणारा प्रोग्राम चालवला, त्याला काही सापडलं नाही. आभाळ लावलं. पहिल्यापेक्षा झकास दिसलं, जांभळं जरा जास्तच जांभळं. आणि हात यायच्या वेळेच्या जरासं आधी, फट.

मग तो स्वतः आला. डॉक्टर येणार म्हणताना आपण पेशंटचे कपडे सैल करून ठेवतो, तशी काकूंनी कॉम्प्युटरच्या डब्याची गवसणी आधीच काढून, घडी करून, कपाटात ठेवली. पडद्याशेजारी उभा असतो ना, तो लोखंडी डबा. त्याला त्यांनी राखाडी रंगाची गवसणी शिवली होती. मागे तारांसाठी चीर, पुढे बटणासाठी काज, बाकी सगळीकडून नेटकी बसलेली. "धुळीचा कण शिरायचा नाही की हवेचा," असं त्यांनी मला केव्हाच कौतुकानं दाखवलं होतं, आणि मीही कौतुकानं मान हलवली होती. माझ्या मिक्सरला तशीच आहे.

दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला. ब्रशनं आतली धूळ काढली. मेमरीची पट्टी बाहेर घेऊन तिचे पितळी दात खोडरबरानं घासले, परत बसवली. चित्र दाखवणारा भाग कुठल्यातरी नव्या प्रोग्रामनं ताजातवाना केला. मग आभाळ लावून तासभर गप्पा मारत बसला. डबा गुणी बाळासारखा चालला.

निघताना त्यानं विचारलं, "मावशी, हा गरम होत असेल कदाचित. वर काही ठेवत नाही ना?"

"छे. वर कशाला ठेवीन?"

"आणि झाकत नाही ना?"

काकूंना चक्क अपमान वाटला. "झाकायला ते काय दुधाचं पातेलं आहे?" त्या म्हणाल्या. "मी कधीही काही झाकत नाही."

तो समाधानानं गेला. त्याच्या पाठीमागे काकूंनी कपाटातून गवसणी काढली, डब्याला घातली, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा गेला.

मग दुरुस्तीवाला डबा दुकानात घेऊन गेला. दुकानात तो दिवसभर चालला. दोन दिवस चालला. एकदम आभाळाच्या जोडीला चार गाणी आणि एक कुस्ती लावूनही चालला. तिथेच जाऊन आपण हात बघावा असं माझ्या मनात आलं होतं, पण ऐन त्या वेळेला दुरुस्तीवाला दुकानाला कुलूप घालून घरी जेवायला जायचा. डबा परत आला आणि परत पडला.

"तुमच्या घरातच काहीतरी आहे, मावशी," तो फोनवर म्हणाला.

"काय आहे? आम्ही दोघंच आहोत."

"विजेचं बघतो." त्यानं येऊन भिंतीतला प्लग बदलला, तार बदलली. अर्थात तो येणार म्हणून गवसणी कपाटात. तो असेपर्यंत डबा ठणठणीत, तो गेला की आडवा. दुरुस्तीवाला माझ्याशी जिन्यात हळूच म्हणाला, "ताई, हा मला बघून घाबरतो की काय?"

एवढ्यात डबा आणखी एक नखरा करायला लागला. बंद पडायच्या आधी त्याच्या आतला पंखा घरघरायचा. आधी हळू, मग जोरात, मग एखाद्या म्हाताऱ्या माणसानं जिना चढून यावं तसा धापा टाकत. काकांची वामकुक्षी मोडली. "अगं, तो डबा घोरतोय की मी?" काकूंना त्या आवाजाची दया आली. त्यांनी गवसणी उसवली, आत फ्लॅनेलखाली कापसाचा पातळ थर भरला आणि वरून टीप मारून घेतली. गारठलेल्या माणसाला दुलई द्यावी तसं. आवाज खरंच कमी झाला. डबा मात्र आता आभाळ जांभळं व्हायच्या आतच मान टाकायला लागला.

काकूंना त्या दिवसांत नीट झोप लागत नसावी. दुपारी त्या काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहायच्या. मी एकदा गेले तर म्हणाल्या, "मला काल स्वप्न पडलं. मी आभाळाचं माप घेत होते. टेप पुरेना. जोडत गेले, जोडत गेले, आणि ती पलीकडचं टोक धरून उभी. म्हणते, आई, सोडू का?"

"मग?"

"मग काय, जाग आली. यांना खोकला झाला होता."

त्याच आठवड्यात काका फोन ठेवून म्हणाले, "तिची पाळी बदलणार उद्यानंतर. उद्या शेवटचं. मग संध्याकाळची पुसापुशी दुसरा कुणीतरी करेल."

कणकेतला हात थांबला. "विचारा तिला—" काकू म्हणाल्या.

"काय विचारू? ठेवला मी फोन."

"काही नाही."

"अगं, फडक्याचंच विचारायचं ना? मग सरळ विचारून टाक की एकदाचं. मी लावून देतो."

"नाही." काकू परत कणीक मळायला लागल्या. "विचारून 'हो' म्हणेल ती. हो म्हणायला काय जातं? मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुरुस्तीवाला येऊन गेला. शेवटचा उपाय म्हणून त्यानं डब्याला वीज पुरवणारा आतला भागच नवा बसवला. आभाळ लावून दिलं. "आता पडला तर मी धंदा सोडतो," म्हणाला आणि गेला. मी ऑफिसला सुट्टीच टाकली होती. जेवणं आटोपून आम्ही तिघं मांडून बसलो. काकूंनी धुतलेलं पातळ नेसलं होतं. डबा कापूस भरलेल्या गवसणीत, खिडकीतून आलेल्या मधाळ उजेडात, गलेलठ्ठ पाहुण्यासारखा बसला होता. पडद्यावर आभाळ अजून निळंच होतं. पंखा आतल्या आत कण्हत होता.

तेवढ्यात दार वाजलं. दुरुस्तीवाला. "मावशी, माझा बारका स्क्रूड्रायव्हर इथेच राहिला का?"

तो आत आला, टेबलाकडे वळला आणि थबकला.

"हे काय?"

"काय?"

"हे... डब्याला काय घातलंय?"

"गवसणी," काकू म्हणाल्या.

"गवसणी म्हणजे ती आकाशाला घालतात ती?"

"आधी वाद्याला घालतात. मग उरली तर आकाशाला." हे काका.

दुरुस्तीवाल्यानं गवसणीवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "मावशी! इस्त्री आहे ही! मी तुम्हाला विचारलं होतं ना, झाकता का म्हणून?"

"विचारलं होतंस. आणि मी सांगितलं, झाकत नाही."

"मग हे काय आहे?"

"घातलंय."

"झाकलंय!"

"घातलंय. झाकलं असतं तर तुला डबा दिसला असता का?"

"नाही दिसत मला डबा! मला फक्त उशी दिसतेय!" तो अक्षरशः कपाळाला हात लावून खाली बसला. मग त्यालाच हसू फुटलं, आणि हसता हसता तो सांगायला लागला. हलतं चित्र दाखवताना डब्याला कष्ट पडतात, तो तापतो. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते, बाजूच्या फटींतून गार हवा आत येते. तेवढाच त्याचा श्वास. ती वाट अडली की तो तापत जातो, पंखा जीव खाऊन फिरतो, आणि शेवटी जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःच स्वतःला बंद करतो. पत्ते खेळताना तापत नाही, म्हणून पडत नाही. दुकानात गवसणी नव्हती, म्हणून पडला नाही. "आणि मी आलो की तुम्ही काढून ठेवायचात! मी रॅम घासतोय, प्लग बदलतोय, मला वाटलं मी विद्याच विसरलो!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले, पण माझा मिक्सर डोळ्यासमोर आला. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या डब्याकडे बघत होत्या.

"श्वास घेतो म्हणतोस?"

"हो. आपल्यासारखाच समजा."

"आणि मी त्याला कापूस भरला."

त्या उठल्या. गवसणी काढणं ही त्यांच्या हाताला पाठ असलेली गोष्ट, पण या वेळी त्यांनी ती फार सावकाश काढली, झोपलेल्या मुलाच्या अंगातून लोकरीचं काढतात तशी, आधी एक बाजू, मग दुसरी. आतलं पिवळं फ्लॅनेल तापून कोरडं झालं होतं. डबा उघडा पडला. पंख्याचा आवाज खोलीभर झाला, मग थोड्या वेळानं उतरला, मग नुसता वाऱ्यासारखा येत राहिला. काकूंनी गवसणी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या पडद्याकडे बघत बसल्या. दुरुस्तीवालाही गेला नाही. जेवायचं राहिलंय हे तो विसरला असावा.

निळ्यात जांभळं उतरलं. रोज इथेच पडायचा. पडला नाही. डोंगरांच्या दातेरी किनारीवर केशरी चढलं. एक ढग निघाला, अर्ध्या वाटेत विरून गेला. पडद्याच्या उजेडानं खोलीतल्या सगळ्या निजलेल्या वस्तू हळूहळू जांभळ्या झाल्या, मिक्सर, रेडिओ, वजनकाटा. काकांचे पांढरे केससुद्धा. आपण सगळे त्या वाटीच्या तळाशी बसून वर बघतोय असं मला वाटलं, आणि त्या डोंगरावरची हवा डब्याच्या जाळीतून आमच्या खोलीत येतेय असंही.

मग कडेनं हात आला.

आधी सावली, मग बोटं, मग अंगठ्याजवळचा डाग. बोटांत पिवळं फडकं. ते आभाळाला टेकलं आणि गोल गोल फिरायला लागलं. केशरीवरून जांभळ्यावर, जांभळ्यावरून निळ्यावर. आणि त्याच्या काठाला, मोठा होऊन, दोरीएवढा जाड दिसणारा लाल टाका. गाठीगाठीचा.

मी काकूंकडे बघितलं. त्या रडत असतील असं वाटलं होतं. त्या डोळे बारीक करून पडद्याजवळ वाकल्या होत्या.

"कोपरा उसवलाय," त्या म्हणाल्या.

खरंच उसवला होता. एका कोपऱ्यातून लाल दोरा सुटून लोंबत होता आणि हाताबरोबर अख्ख्या आभाळात भिरभिरत होता.

"फोन लावा," काकू काकांना म्हणाल्या. काकांनी लावला आणि सवयीनं आपल्या कानाला नेला. काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हॅलो, बाबा?" लेकीचा आवाज आला. मागे वारा होता. पडद्यावर मात्र हात अजून पुसतच होता. ते चित्र आमच्यापर्यंत जरा उशिरा पोचतं.

"कोपरा उसवलाय," काकू म्हणाल्या.

"...आई?"

"दोरा लोंबतोय. ओढू नकोस, ओढलास तर सगळा काठ निघत जाईल. आत्ताच्या आत्ता गाठ मार."

आत्ता कुठे पडद्यावरचा हात थांबला. फडकं आभाळाच्या मधोमध टेकलेलं राहिलं आणि दुसरा हात खिशाकडे गेला.

"आई, तू बघतेयस?"

"मग काय करतेय? इतके दिवस बघतेय. बघू देईल तर ना हा डबा."

लेक म्हणाली, "रोज वापरते मी ते. भिंगाला दुसरं काही चालतच नाही, चरे पडतात. हे एकच मऊ आहे."

"फ्लॅनेल आहे ते. मऊ असणारच." काकू म्हणाल्या. "दुसरं शिवून पाठवते. चार पाठवते."

"आई." लेक जराशी अडखळली. "इथे धुळीचं वादळ आलं ना, की आम्ही या कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. फडफडते नुसती. वाऱ्यानं उडून जाते."

"म्हणजे आभाळ थरथरायचं ते..." काका मागून म्हणाले.

"तर त्याच्यासाठी काही... मी मापं पाठवू का?"

पडद्यावर आता एक चेहरा वाकून आला होता. कपाळ, नाक, वाऱ्यानं उडणारे केस. एवढा जवळ की डोंगर, घुमट, केशरी, जांभळं, काही म्हणून दिसेना. दुरुस्तीवाल्यानं हळूच स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दाराकडे निघाला.

काकूंनी मांडीवरची गवसणी चाचपली. कापूस भरलेल्या जागी बोटांनी दाबून बघितलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाठव मापं," त्या म्हणाल्या. "पण आधी एक सांग. तो तापतो का? कुठून श्वास घेतो, ते नीट बघून सांग मला. तेवढ्या जागेवर मी कापड येऊ देणार नाही."